कोन शे रे तठे?



ज्या गावाच्या शिवारात आजतागायत आगगाडीचा रूळ पडलेला नाही, त्या गावी येऊन रुळांविषयी तासभर बोलावे, असा विषय मी सुचविला आणि व्याख्यानमालेच्या चालकांनी आढेवेढे न घेता तो मान्य केला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना एकच शिस्त लावली असे त्यांचे विद्यार्थी सांगतात : उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न पुन्हा एकदा वाचा. आजचे माझे सारे भाषण म्हणजे एका जुन्या प्रश्नाचे पुनर्वाचन आहे.

कान नदीकाठचे आपले हे साक्री गाव सुरत-नागपूर हमरस्त्यावर वसलेले. चाळीसगावहून धुळ्याला येणारा लोहमार्गाचा फाटा १९०० साली सुरू झाला, तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडून येणारा मार्गही त्याच सुमाराचा. आणि या दोन मार्गांच्या मधल्या मुलखात साक्री राहून गेली. आगगाडी गाठायची तर आपण एस.टी.ने धुळे गाठतो, नाहीतर दोंडाईचा, नंदुरबार. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. तो नाशिक आणि धुळे या जिल्ह्यांतून मध्य प्रदेशात जाणार आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या काळ्या मातीत नवे रूळ पडण्याचे दिवस जवळ येत आहेत, आणि एखादी गोष्ट कशी असावी हे बोलण्याची वेळ ती होण्याच्या आधीची असते, नंतरची नव्हे. माझ्या विषयाचे प्रयोजन एवढेच.

आता रूळ क्षणभर बाजूस ठेवू आणि शेतात जाऊ. बाजरीची कणसे भरू लागली, मका दुधात आला, की आपल्याकडे शेतात माळा उभा राहतो. चार डेंगळ्या, त्यांवर आडवे बांबू, वर पाचटाचे छप्पर, आणि त्या छपराखाली गोफण उशाशी घेऊन पहुडलेला राखणदार. रात्री दोनच्या सुमारास धांड्यांत सळसळ होते. रानडुक्कर असेल, नीलगाय असेल, कदाचित चोर असेल, कदाचित शेजारच्या मळ्यातला कुणी वाट चुकलेला असेल. राखणदार उठून बसतो, गोफणीत धोंडा भरतो, आणि धोंडा सोडण्यापूर्वी अंधारात एक हाक सोडतो : ‘कोन शे रे तठे?’ तिकडे कोण आहे रे? आपण सर्वांनी ही हाक ऐकलेली आहे. आपल्यांतील कित्येकांनी ती स्वतः दिलेली आहे. हाकेला माणसाचा शब्द आला तर धोंडा गोफणीतच राहतो. आधी हाक आणि मग धोंडा, हा क्रम आपल्या बापजाद्यांना कोणत्या कायद्याच्या पुस्तकाने शिकविला? कोणत्याही नाही. अंधारात फेकलेल्या धोंड्याला माणूस आणि डुक्कर यांतला भेद कळत नाही, म्हणून तो भेद फेकणाऱ्याने आधी करायचा असतो, ही समज त्यांना उपजत होती.

आगगाडी हा गोफणीतून सुटलेला धोंडा आहे. माझे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यापाशी येऊन उभे राहते, म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते, तेव्हा घर्षण अत्यल्प असते. हजारो टनांचा माल एका इंजिनाने ओढता येतो तो याच गुणामुळे. पण जो गुण ओढताना कामी येतो, तोच थांबविताना वैरी होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, आणि चालकाने ब्रेक पूर्ण शक्तीने लावला तरी तिला उभे राहण्यास किलोमीटरभर अंतर लागू शकते. बैलगाडीवाला आडवे आलेले पोर पाहून कासरा ओढतो. मोटारवाला चाक वळवितो. आगगाडीच्या चालकाला ना कासरा आहे, ना वळविण्याचे चाक. त्याच्या डोळ्यांना माणूस दिसतो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो, आणि पुढचे सारे त्याला उघड्या डोळ्यांनी पाहावे लागते.

मग रुळाला स्वतःला काही कळते काय? कळते, आणि किती कळते हे ऐकण्यासारखे आहे. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन शोधकाने ‘ट्रॅक सर्किट’ नावाची युक्ती सिद्ध केली. दोन्ही रुळांतून विजेचा एक क्षीण प्रवाह खेळता ठेवायचा. गाडीची चाके व आस त्या पट्ट्यात आले की प्रवाहाला जवळची वाट मिळते, तो पुढे पोहोचेनासा होतो, रिले सुटतो आणि मागचा सिग्नल तांबडा होतो. या युक्तीतील खरी बुद्धिमत्ता दुसरीच आहे. तार तुटली, रूळ मोडला, बॅटरी संपली, तरीही प्रवाह थांबतो आणि सिग्नल तांबडाच होतो. संशयाचा फायदा नेहमी थांबण्याला! दीडशे वर्षे जगभरच्या रेल्वे या एका तत्त्वावर उभ्या आहेत आणि लाखो प्रवासी त्याच्या भरवशावर निर्धास्त झोपून प्रवास करीत आहेत. परंतु या प्रवाहाच्या वाटेत माणूस उभा राहिला तर? काहीच होत नाही. सिग्नल हिरवा तो हिरवाच. रुळाला लोखंड कळते, माणूस कळत नाही. एका गाडीला दुसऱ्या गाडीपासून वाचविण्याची विद्या आपण इतकी सूक्ष्म केली, आणि गाडीपासून माणसाला वाचविण्याचे काम मात्र चालकाच्या दोन डोळ्यांवर आणि शिट्टीवर सोडून दिले.

कायद्याची बाजूही पाहू. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे परवानगीवाचून रुळांच्या हद्दीत शिरणे हा अपराध आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा असावा, यात मला शंका नाही. माझी तक्रार निराळी आहे. रुळावर मेलेला माणूस एकदा ‘अतिक्रमी’ या सदरात गेला की त्याचा मृत्यू रेल्वे अपघातांच्या हिशेबात येत नाही. तो पोलिसांच्या पंचनाम्यात जातो, आकस्मिक मृत्यूच्या नोंदीत जातो, आणि ज्या दफ्तरावरून सुरक्षिततेच्या योजना आखल्या जातात त्या दफ्तरात त्याला जागा उरत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा याच गोष्टीवर अत्यंत कठोर शब्दांत बोट ठेवले होते. देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे रूळ ओलांडताना मरतात, त्यांतील सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, आणि कोणताही सुसंस्कृत समाज असा संहार मान्य करू शकत नाही, असा त्या अहवालाचा आशय होता. आकडा नीट ऐका : पंधरा हजार, आणि दरवर्षी. दोन गाड्यांची टक्कर होऊन त्याच्या शतांश माणसे गेली तर चौकशी आयोग बसतो. मुंबईतला आकडा त्यानंतर बराच उतरला, पादचारी पूल झाले, भिंती झाल्या. तरी अलीकडच्या वर्षांतही उपनगरी मार्गांवरील सर्व प्रकारच्या मृत्यूंची बेरीज वर्षाला दोन हजारांच्या वरच राहिली आहे.

मुंबई दूर आहे असे कुणास वाटेल. मग जवळ येऊ. ८ मे २०२०. टाळेबंदीचे दिवस. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर गावी जाण्यासाठी रुळांच्या वाटेने निघाले होते. कुठे निघाले होते? आपल्या भुसावळला. तेथून गाडी मिळेल या आशेने दीडशे किलोमीटरची पायपीट त्यांनी पत्करली होती. रात्रभर चालून पाय गळाले तेव्हा करमाडजवळ ते रुळांवरच आडवे झाले, कारण गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. पहाटे मालगाडी आली. चालकाने त्यांना पाहिले, थांबविण्याचा प्रयत्नही केला. सोळा माणसे गेली. खडीवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण वर्तमानपत्रांत पाहिले आहे. ज्या खडीवर आपण घटकाभर बसूही शकणार नाही, तिच्यावर त्यांना झोप लागली, यावरून त्यांच्या थकव्याचे मान कळते. ही माणसे अतिक्रमी होती काय? कलमाच्या भाषेत होय. परंतु त्या रात्री त्या रुळांना, त्या सिग्नलांना, त्या संपूर्ण यंत्रणेला ‘कोन शे रे तठे?’ असे विचारण्याची सोयच नव्हती, हे कोणत्या कलमात लिहायचे?

आणि २२ जानेवारी २०२५. आपला जळगाव जिल्हा, पाचोऱ्याजवळचे परधाडे. लखनौहून मुंबईकडे निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, कुणी साखळी ओढली, गाडी थांबली आणि घाबरलेली माणसे शेजारच्या रुळांवर उतरली. त्या रुळांवरून बंगळूरहून दिल्लीस जाणारी कर्नाटक एक्सप्रेस येत होती. बारा किंवा त्याहून अधिक माणसे दगावली. पुष्पकच्या चालकवर्गाने नियमाप्रमाणे इशाऱ्याचा लुकलुकता दिवा लावला होता, तो पाहून कर्नाटकच्या चालकाने ब्रेकही लावले, पण वळणामुळे दृष्टी पुरेशी पोहोचू शकली नाही, असे रेल्वेकडून सांगण्यात आले. हे कथन मी जसेच्या तसे मान्य करतो. कारण ते मान्य केले म्हणजेच प्रश्न अधिक तीव्र होतो. सर्वांनी नियमाप्रमाणे केले आणि तरीही माणसे मेली, याचा अर्थ काय? शेजारचा मार्ग अडला तर त्याच्या रक्षणासाठी ब्रॉडगेजवर ६०० मीटर अंतरावर एक आणि १,२०० मीटर अंतरावर तीन फटाके रुळांवर लावावेत, असा जुना नियम आहे. चाकाखाली फटाका वाजला की चालक सावध होतो. नियम उत्तम आहे. पण खडीतून सव्वा किलोमीटर धावत जाण्यास माणसाला किती वेळ लागतो, आणि भेदरलेल्या माणसाला डब्यातून उडी टाकण्यास किती? येथे पाहणारा होता, इशारा होता, नियम होता. पाहिलेले वळणापलीकडे वेळेत पोहोचविणारे काही नव्हते.

येथवर मी अंधाराचे वर्णन केले. उजेड जेथून येऊ पाहतो आहे ती जागा आपणांस अनपेक्षित वाटेल. तो आला आहे चालक नसलेल्या गाड्यांकडून.

गाडी कितपत आपोआप चालते याच्या आंतरराष्ट्रीय मानकाने श्रेणी पाडलेल्या आहेत. प्रत्येक श्रेणीत कोणते काम माणसाचे आणि कोणते यंत्रणेचे, याचा एक तक्ता असतो. गाडी सुरू करणे, वेग राखणे, थांबविणे, दरवाजे लावणे, अशा ओळी त्यात एकाखाली एक येतात. आणि त्यांतच एक ओळ आहे : रुळांवरील माणसाशी होणारी टक्कर टाळणे. खालच्या श्रेणींत या ओळीसमोर चालकाचे नाव असते. वरच्या दोन श्रेणींत, म्हणजे पुढच्या केबिनमध्ये चालकच बसत नाही अशा गाड्यांत, त्या जागी ‘यंत्रणा’ असे लिहावे लागते. मला हा तक्ता पहिल्यांदा वाचताना त्या ओळीवरून पुढे सरकता येईना. कारण जे काम शंभर-दीडशे वर्षे चालकाच्या सद्‌बुद्धीवर सोडलेले होते, ज्याचा कुणी नकाशा काढला नव्हता, ज्याला अंदाजपत्रकात रकाना नव्हता, ते काम चालक उठून गेल्याबरोबर उघडे पडले. खुर्ची रिकामी झाली तेव्हा त्या खुर्चीवरचा माणूस काय काय करीत होता हे कळले. आणि मग अभियंत्यांना तो प्रश्न टाळता येईना : रुळावर कुणी आहे काय, हे आता कोण पाहणार?

याला पहिले उत्तर मिळाले ते भिंतीचे. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये भिंत उभारायची आणि गाडीच्या दारांसमोरच तिची दारे उघडायची. लेनिनग्राडच्या भुयारी रेल्वेत १९६१ साली अशा दारांचे स्थानक झाले. जपानमधील कोबे येथे १९८१ मध्ये आणि फ्रान्समधील लील येथे १९८३ मध्ये विनाचालक गाड्यांसह ही दारे आली. सिंगापूरने १९८७ मध्ये आपल्या भुयारी स्थानकांत ती बसविली. दिल्लीच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील पहिली विनाचालक मेट्रो धावू लागली. मुंबईची आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो आपल्यापैकी ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी तेथील छतापर्यंत पोहोचणारी फलाट-दारेही पाहिली असतील. भिंतीचा उपाय पक्का आहे, आणि त्याविषयी अधिक बोलण्यासारखे काही नाही. जेथे भिंत घालता येते तेथे ती घालावी.

दुसरे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते पाहण्याचे उत्तर आहे. फ्रान्समधील लिआँ शहराची डी-मार्गिका १९९२ पासून विनाचालक चालते. तेथे फलाटांना दारे न लावता रुळांवरून अवरक्त किरणांची जाळी सोडलेली आहे. कुणी खाली पडला की किरण तुटतो आणि येणारी गाडी थांबते. जर्मनीतील न्यूरेंबर्गने २००८ साली हेच काम रेडिओलहरींकडून करून घेतले : एका बाजूने लहरी सोडायच्या, दुसऱ्या बाजूने झेलायच्या, आणि मध्ये माणसाएवढे काही आले की गाडीला इशारा द्यायचा. कॅनडातील व्हँकूव्हरने १९८० च्या दशकातच रुळांलगतच्या फळ्यांवर भार पडताच कळेल अशी योजना केली होती. किरण, लहर, भार. साधने निरनिराळी, पण तिन्हींचा उद्गार एकच. कोन शे रे तठे?

आपल्याकडचे एक उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या सिव्हिल कोर्ट मेट्रो स्थानकावर तीनएक वर्षांचे एक मूल खेळता खेळता फलाटावरून रुळांत पडले, आणि त्याच्यामागे त्याच्या आईनेही उडी घेतली. तेथील सुरक्षारक्षकाने धावत जाऊन आणीबाणीचे बटन दाबले. येणाऱ्या गाड्या स्थानकाअलीकडे थांबल्या, मायलेकरू वाचले. या घटनेत पाहणारा डोळा माणसाचा होता, थांबविणारा हात यंत्राचा होता, आणि दोहोंच्या मध्ये एक बटन होते. परधाड्यास काय नव्हते, याचे उत्तर या बटनात आहे.

येथे आपण मला अडवाल, आणि अडवावेच. मेट्रोचा मार्ग वीस-तीस किलोमीटरचा, कोंडलेला, स्थानके मोजकी. आमच्या भुसावळ-मनमाडच्या उघड्या माळावर, शेकडो किलोमीटर, हे किरण आणि ही जाळी कशी टिकणार? हा आक्षेप खरा आहे. उघड्या मार्गासाठी आज तीन प्रकारची साधने पुढे येत आहेत, आणि तिन्हींत काही ना काही उणीव आहे.

एक ऐकणारी तार. रुळांशेजारून दळणवळणासाठी काचेच्या तंतूची केबल बहुतेक ठिकाणी गेलेलीच असते. तिच्यातून लेसरचा स्पंद सोडला की त्याचा अतिसूक्ष्म अंश वाटेतून परत फिरतो. जमीन हादरली की त्या परतीच्या प्रकाशात फरक पडतो, आणि परत येण्यास लागलेल्या वेळावरून हादरा कोठे बसला ते कळते. ईशान्य सीमांत रेल्वेने हत्तींना वाचविण्यासाठी हीच विद्या वापरली आणि तिला ‘गजराज’ हे नाव दिले. हत्तीची पावले ओळखणारी तार माणसाचीही पावले ओळखू शकते. तसे प्रयोग जगात झालेले आहेत. परंतु करमाडची ती पहाट आठवा. झोपलेल्या माणसाला पावले नसतात. ऐकणाऱ्या तारेला तो नाहीच.

झोपलेल्यासाठी डोळा हवा, आणि रात्रीसाठी उष्णता पाहणारा डोळा हवा. असा कॅमेरा शरीराची ऊब पाहतो. थंड खडीवर पडलेला उबदार माणूस त्याला अंधारातही उजळ दिसतो. पण खानदेशचा वैशाख या कॅमेऱ्याच्या जनकांनी पाहिला असेल काय? भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, दुपारी खडी माणसाच्या अंगापेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि संध्याकाळी निवता निवता एक वेळ अशी येते की खडी आणि माणूस यांचे तापमान एकच होते. त्या घटकेला त्या डोळ्यापुढून माणूस नाहीसा होतो. म्हणून परदेशात सिद्ध झालेले यंत्र आणून येथे टांगले आणि फीत कापली, एवढ्याने भागणार नाही. त्याला आमच्या उन्हाची, आमच्या धुळीची, आमच्या ज्वारीच्या धांड्यांची परीक्षा द्यावी लागेल.

तिसरा डोळा गाडीच्याच कपाळावर. रडार आणि कॅमेरे एकत्र करून चालकाला धुक्यातले दिसावे, असा ‘त्रिनेत्र’ नावाचा प्रकल्प आपल्या रेल्वेने हाती घेतला होता. परंतु कपाळावरचा डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी वळणापलीकडे पाहू शकत नाही. तेथे मार्गाकडेला स्थिर डोळा हवा, आणि त्याने पाहिलेले गाडीपर्यंत नेणारी वाचा हवी. ती वाचा सुदैवाने आता सिद्ध होत आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेले ‘कवच’ रेडिओवरून गाडीशी बोलते, चालकाने ऐकले नाही तर स्वतः ब्रेक लावते, आणि एका इंजिनातून संकटाचा इशारा देऊन आसपासच्या गाड्या थांबविण्याची सोयही त्यात आहे. परंतु कवचाची निर्मिती गाडीला गाडीपासून वाचविण्यासाठी झाली. त्याला माणसाची खबर देणारा कुणी अजून जोडलेला नाही. डोळा एकीकडे आणि वाचा दुसरीकडे, अशी आजची स्थिती आहे; त्यांची गाठ घालणे हे काम आहे, आणि ते अशक्य कोटीतले मुळीच नाही.

एका अडचणीपाशी मात्र मला थोडे थांबलेच पाहिजे, कारण सर्व थोर योजना तेथेच अडखळतात. ती अडचण खोट्या इशाऱ्याची. वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी, रुळांवर बसलेले कुत्रे, चरत आलेली शेळी, यांना पाहून यंत्राने प्रत्येक वेळी गाडी उभी केली तर संपूर्ण विभागाचे वेळापत्रक कोलमडेल. आणि त्याहून वाईट असे की लोक इशाऱ्यावर विश्वास ठेवीनासे होतील. रात्रभर उगाच ओरडणाऱ्या राखणदाराच्या हाकेला शेजारचा मळेकरी उठत नाही. म्हणून काही जण म्हणतात, यंत्राची संवेदना जरा बोथट करा. किती बोथट? लहान मूल कुत्र्याएवढेच असते. झोपलेला माणूस पोत्यासारखाच दिसतो. येथे मला रॉबिन्सनच्या त्या जुन्या तत्त्वाची आठवण द्यावीशी वाटते. रूळ मोडला की नुसती तार तुटली, हे ठाऊक नसताना सिग्नल तांबडा करण्यास रेल्वेने कधी कुरकुर केली नाही; आजही रोज कित्येक गाड्या अशा निव्वळ संशयापोटी थांबतात आणि तो उशीर आपण निमूटपणे सोसतो. लोखंडाविषयी संशय आला तर थांबायचे आणि माणसाविषयी संशय आला तर पुढे जायचे, हा न्याय कोणता? मधला मार्गही आहे : पहिल्या इशाऱ्याला गाडीने केवळ वेग उतरवावा, तेवढ्यात नियंत्रण कक्षातील माणसाने चित्र पाहावे, आणि त्याला खात्री देता आली नाही तर गाडी थांबावी. अंतिम निर्णय पाहणाऱ्या माणसाकडे, पण पाहण्याला सवड देणारे यंत्र.

आणखी एक आक्षेप मी सभ्य, सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकतो. रूळ ही चालण्याची जागा नव्हे. जे तेथे जातात ते आपल्या जोखमीवर जातात. मी त्यांना विचारतो, रूळ आधी की पाऊलवाट आधी? गावाचे घर एकीकडे आणि मळा दुसरीकडे, वस्ती एकीकडे आणि विहीर दुसरीकडे, अशी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. लोहमार्ग तिला छेदून गेला. ब्रॉडगेजवरील विनारखवाली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, हे मोठे काम झाले आणि त्याने पुष्कळ जीव वाचले. परंतु फाटक बैलगाडीसाठी होते. डोक्यावर भारा घेतलेली बाई फाटक शोधीत दोन किलोमीटर वळसा घालीत नाही. जिला रोज दिवसातून चार वेळा पलीकडे जायचे आहे, तिला अतिक्रमी म्हणून भागेल काय?

म्हणून मनमाड-इंदूर मार्गाविषयी माझी मागणी साधी आहे. मातीकाम सुरू होण्यापूर्वी, मोजणीच्या नकाशावर सर्व्हे नंबर आणि नाले जसे दाखविले जातात, तशा माणसांच्या पाऊलवाटाही दाखविल्या जाव्यात. जेथे वाट दाट आहे तेथे भुयारी रस्ता आधी बांधावा आणि रूळ मागाहून टाकावा. वळणे, खोदाया, पूल आणि स्थानकांची तोंडे येथे पाहणारा डोळा बसवावा आणि तो कवचाशी जोडावा. तंतूची केबल नव्या मार्गाला टाकावीच लागणार आहे. ती टाकतानाच ऐकण्याची तजवीज ठेवली तर खर्चाचा भार मागाहून करण्यापेक्षा कितीतरी कमी पडेल. आणि रुळावर मेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद, मग तो कोणत्याही सदरातला असो, सुरक्षिततेच्या त्याच दफ्तरात, त्याच वहीत व्हावी. कामाची कंत्राटे पक्की होण्यापूर्वी या गोष्टी मागण्याचा अधिकार धुळे जिल्ह्याच्या प्रत्येक ग्रामसभेला आहे.

शेवटी एक प्रसंग सांगतो. गेल्या हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातील एका लहान स्थानकाच्या पुढे मी एका कीमनबरोबर सकाळभर चाललो. कीमन म्हणजे रोज आपल्या वाट्याचे सहा-सात किलोमीटर रूळ पायी तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना, कमरेला तांबडी-हिरवी झेंडी, पिशवीत फटाके. सैल झालेली चावी दिसली की तो हातोड्याचा एक ठोका देतो, आणि आवाजावरून ती बसली की नाही हे त्याला कळते. त्याच्यासारख्यांच्या जिवासाठी अलीकडे ‘रक्षक’ नावाचे रेडिओयंत्र निघाले आहे; गाडी जवळ आली की ते वाजते. म्हणजे माणसाला गाडीची खबर देण्यापर्यंत आपण आलो आहोत. गाडीला माणसाची खबर देणे तेवढे उरले आहे.

मी त्याला विचारले, ‘भाऊ, तुमच्या हद्दीत लोक कोठे कोठे रूळ ओलांडतात?’ त्याने हातोडा खाली टेकला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. इथे नाल्याजवळ, शाळेच्या वेळी. तिथे बाभळीपाशी, बाया कापसाला जातात तेव्हा. पुढे वळणावर, बाजाराच्या दिवशी. त्या वळणापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा त्याने मला वाकून पाहायला सांगितले. सगळीकडे टोकदार असलेली खडी तेवढ्या हातभर पट्ट्यात खाली दबलेली, गुळगुळीत आणि मातीने भरलेली होती. पलीकडे बांधावरून एक पांढरी वाट शेतात उतरत होती. ही जागा कुठल्या नकाशात आहे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘नकाशात कशी राहील साहेब? मला माहीत आहे ना.’ मग त्याने वळणाच्या दोन्ही बाजूंना पाहिले, धांड्यांत काहीतरी हलले तशी तोंडाभोवती हातांची ओंजळ करून खणखणीत हाक दिली, ‘कोन शे रे तठे?’ आणि उत्तर येईपर्यंत तो जागचा हलला नाही.